हॅकरांवर वाचायचं तर आधी ७५ सेंटची गोष्ट

आपल्या गावांत हॅकर म्हणजे व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या नावाची एपीके (मोबाईल ॲपची) फाइल पाठवून खातं साफ करणारा. त्याला हॅकर म्हणणं म्हणजे फुकटचा मान देणं झालं. खरी मंडळी पुस्तकांत भेटतात, पण वाचण्याचा क्रम चुकला की पोट्टे तिसाव्या पानावरच पुस्तक मिटतात.

सुरुवात क्लिफर्ड स्टोलच्या 'द कुकूज एग'पासून (१९८९) करा. १९८६ साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक निघाला. कुणीतरी चोरून आत घुसत होतं. त्या घुसखोराचा माग काढत स्टोल पश्चिम जर्मनीतून केजीबीला (सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला) माहिती विकणाऱ्यांपर्यंत पोहोचला. स्टोल मूळचा खगोलशास्त्रज्ञ, म्हणून सगळं पहिल्यापासून समजावतो. घुसखोराला सुगावा लागू नये म्हणून त्याने पाळत संगणकाच्या आत ठेवलीच नाही, बाहेरून येणाऱ्या लाइनींवर प्रिंटर जोडले. संगणकावर काय काय चालू आहे ते दाखवणाऱ्या 'पीएस' (ps) कमांडला घुसखोराने 'एफ' (f) जोडला होता. युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली; बर्कलेच्या युनिक्समध्ये त्या अक्षराची गरज नव्हती, एटीअँडटी या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या युनिक्समध्ये होती. म्हणजे माणूस बाहेरचा! जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (युनिक्सच्याच धर्तीची फुकट प्रणाली) असेल तर हे करून बघा: 'पीएस एयूएक्स' (ps aux) ही बर्कलेची पद्धत, तिला डॅश नाही, 'पीएस -ईएफ' (ps -ef) ही एटीअँडटीची, तिला डॅश लागतो. आज दोन्ही चालतात.

मग स्टीव्हन लेव्हीचं 'हॅकर्स' (१९८४). एमआयटी या अमेरिकन तंत्रशिक्षण संस्थेच्या रेल्वे मॉडेल क्लबात टेलिफोनचे रिले (विजेवर चालणारे स्विच) जोडणारी ही पोरं. रात्री लाईन येते म्हणून वावरातल्या मोटारीचा स्टार्टर मोबाईलवर चालेल असा जुळवणारा माणूस त्यांच्याच जातकुळीचा. यात जुन्या मशीनची नावं फार आहेत, म्हणून हे दुसऱ्या नंबरावर. पहिली दोन प्रकरणं प्रोजेक्ट गुटेनबर्ग या फुकट पुस्तकांच्या वेबसाइटवर आहेत. ती आवडली तरच विकत घ्या.

ब्रूस स्टर्लिंगचं 'द हॅकर क्रॅकडाउन' (१९९२) गुटेनबर्गवरच अख्खं मिळतं. १५ जानेवारी १९९० ला एटीअँडटीचं लांब पल्ल्याचं जाळं कोलमडलं ते कंपनीच्याच प्रोग्राममधल्या चुकीने, तरी संशय हॅकरांवर गेला. 'प्लेन टेक्स्ट' निवडा; फाइल एक एमबीच्याही आत आहे, रेंज गच्चीवरच येत असली तरी उतरते.

टेलिग्रामवरच्या 'दहा दिवसांत हॅकर' छाप पीडीएफ उघडू नका, अनेकदा सोबत एपीके चिकटवलेली असते. आणि शेजाऱ्याच्या वायफायवर प्रयोग नको: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.