नवापूरसारखंच, पण फ्रान्स-स्वित्झर्लंडच्या सीमेवरचं: सँ-झँगोल्फ

नवापूर स्टेशनातून महाराष्ट्र-गुजरातची सीमा जाते, हे खान्देशात पोराटोरांनाही ठाऊक. जिनिव्हा सरोवराच्या दक्षिण काठावरचं सँ-झँगोल्फ हे गाव त्याच जातीचं. फक्त इथे मधून मोर्ज नावाची छोटी डोंगरी नदी वाहते. पश्चिमेला फ्रान्सचा ओत-सावोआ विभाग, पूर्वेला स्वित्झर्लंडचं ‘वाले’ नावाचं राज्य (कॅन्टन). ही सीमा १५६९ च्या तोनोंच्या तहात ठरली, तीही तेव्हाचं संस्थान सावोय आणि वाले यांच्यात. फ्रान्स कायमचा आला तो १८६० साली, सावोय त्याच्याकडे गेल्यावर.

तहाने सत्ता वाटली, गाव पूर्ण वाटलं गेलंच नाही. चर्च आणि दफनभूमी फ्रेंच बाजूला, पण दोन्हीकडच्यांची. जुलै १९४४ मध्ये जर्मनांनी फ्रेंच भाग जाळला, तेव्हा लोक पलीकडे स्वित्झर्लंडमध्ये पळाले.

जाणार असाल तर शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो. पासपोर्ट मात्र खिशात हवाच. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे सामानावर कस्टम्सचे नियम लागू. पूल ओलांडला की युरोचा फ्रँक होतो. खरा फटका मोबाइलचा: फ्रेंच सिम पलीकडचा टॉवर पकडतं आणि डेटाचं बिल फुगतं. नेटवर्क हाताने निवडा. रेल्वेही स्विस बाजूनेच. फ्रान्समधल्या एव्हियां गावाकडून बस किंवा गाडी.