तुम्ही विचारलंत म्हणून: नंबर सांगूनही बूट का पाठवत नाही

"वडिलांचा आठ नंबर आहे, पैसे लगेच पाठवतो, बूट कुरियरने द्या. पाय दाखवायला कशाला आणायचं?" मी मिरजेत बधिर पायांसाठी बूट बनवतो, आणि पुण्या-मुंबईहून, कधी दुबईहून असे फोन येतात. नाही म्हटलं की माणसं चिडतात. म्हाताऱ्या माणसाला मिरजेपर्यंत आणणं किती जिकिरीचं आहे, हे मला कळतं. तरीही नाही.

मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायाला घट्ट बूटच बरा वाटतो, कारण आवळल्याशिवाय बूट घातल्याचं जाणवतच नाही. म्हणून अशी माणसं आपण होऊन लहान नंबर घेतात. तोच नंबर तुम्ही मला फोनवर सांगता. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४६ नंतर कुष्ठरुग्णांवर काम करताना दाखवून दिलं, की अशा पायाच्या बहुतेक जखमा न जाणवलेल्या दाबाने होतात. आमचं सगळं काम त्यावरच उभं आहे.

वडिलांच्या हाताखाली शिकलो तेव्हा गिऱ्हाइकाचा शब्द शेवटचा असे. बसतोय म्हणालं की बांधून द्यायचं. मीही बरीच वर्षं तेच धरून होतो.

मग एक निवृत्त गुरुजी आले, सोबत काकू. बूट तयार होता: आत एमसीआरचा, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराचा, मऊ तळ, खिळा एकही नाही, बोटांपुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी मोकळी जागा. गुरुजी चार पावलं चालले आणि म्हणाले, "सैल आहे. पट्टा ओढून द्या." मी नाही म्हणालो. "माझ्या पायाचं मला कळत नाही होय?" त्यांचा आवाज चढला. मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि तपासणीचा नायलॉनचा तंतू काढला. तो १० ग्रॅम दाबाला वाकतो. "लागला की सांगा." अंगठा, चवड्याच्या दोन-तीन जागा, सगळीकडे टेकवून झालं. गुरुजी डोळे मिटूनच होते. म्हणाले, "लावा की."

काकूंनी तोंडाला पदर लावला. गुरुजींनी डोळे उघडले ते त्यांच्याकडे बघतच. त्यानंतर ते एक शब्द बोलले नाहीत. पैसे चुकते करून सैल बूट घेऊन गेले.

पुढे कळलं, त्यांचा अंगठा काढावा लागला. बूट त्यांनी घातलेच नव्हते, जुनीच चप्पल चालू होती.

पट्टा ओढून दिला असता तर निदान मऊ तळ तरी पायाखाली राहिला असता, असं मला कधी कधी वाटतं. पण आवळलेल्या पट्ट्याखाली चवड्याला फोड आला असता, तोही त्यांना कळला नसता. बायकोसमोर ती तपासणी करायला हवी होती का? घरच्या माणसाला कळल्याशिवाय रोज पाय कोण बघणार? दोन्ही बाजू मला पटतात, आणि परवाच दुसऱ्या एकांना मी पुन्हा त्यांच्या बायकोसमोरच तपासलं.

तेव्हा वडिलांना घेऊन या. संध्याकाळी या, पाय सुजलेला असतो तेव्हाच खरं माप मिळतं. रोजची झिजलेली चप्पल आणा, दाब कुठे पडतो ते तिच्यावर दिसतं. आणि घरी रोज पाय बघणारं जे कुणी असेल, ते सोबत असू द्या.