ईमो

सोलच्या ग्वांगजांग बाजारात माझ्या भाचीने खच्चून हाक मारली, "ईमो!" आणि तव्यापलीकडची बाई वळली.

"काय म्हणालीस गं तिला?"

"मावशी."

मला वाटलं चेष्टा करतेय, कारण तिची मावशी तर तिच्या शेजारीच बसली होती. पण खरंच, ईमो म्हणजे आईची बहीण. वडिलांच्या बहिणीला वेगळा शब्द आहे, गोमो. इंग्रजीने दोघींना एकाच आंटीत कोंबलंय, कोरियनने मात्र आपल्यासारखंच दोघींचं घर वेगळं ठेवलंय. त्याहून मजा म्हणजे खाण्याच्या गाडीवरच्या बाईला हाक मारायची ती ईमो म्हणूनच. गोमो कुणी म्हणत नाही. आपल्याकडे तरी काय? भाजीवाली मावशी, पोळ्यावाली मावशी, दवाखान्यातली मावशी. आत्या कुणीच नाही. आत्यापुढे ताट सरकवून "अजून वाढ" म्हणायला जीभ रेटत नसावी. (मी आत्याही आहे आणि भावाची मुलं हे वाचणार आहेत, तेव्हा इथेच थांबते.)

हा बाजार १९०५ सालचा. वरच्या मजल्यावर रेशीम, पारंपरिक कपडे, गाद्या-रजया. खाली वाफ, धूर आणि आरडाओरडा. आम्ही गेलो तेव्हा बाहेर उणे आठ होतं, पण बसायचं बाकडं आतून तापवलेलं. थंडीत कुडकुडत आलेल्या माणसाला बुडाखालून ऊब मिळाली की तो दोन पदार्थ जास्तच मागवतो, हे त्या ईमोला पक्कं ठाऊक असणार.

आणि समोर काय, तर जातं! मोटारीवर फिरणारं, पण दगडी जातंच. वरून भिजवलेली डाळ पडतेय, कडेने पिवळसर पीठ ओघळतंय. मी वाकून पाहिलं. मूग! इतक्या लांब विमानाने येऊन मी मुगाच्या धिरड्यापुढे बसले होते. त्याचं नाव बिंदेत्तोक. पिठात मोड आलेले मूग घालतात, म्हणजे मुगात पुन्हा मूगच, आणि चांगली आंबलेली किमची, म्हणजे त्यांचं कोबीचं तिखट लोणचं. काही ठिकाणी डुकराचं मांसही असतं, तेव्हा न खाणाऱ्याने आधी विचारावं. धिरडं म्हणावं तर तेल पेरभर, वडा म्हणावं तर आकार भाकरीएवढा. कडा अशा कुरकुरीत की शेजारच्याला आवाज जावा आणि आत मऊ लुसलुशीत. सोबत सोया सॉस आणि व्हिनेगरमध्ये बुडवलेला कच्चा कांदा. मला हिरवी मिरची आणि आल्याची आठवण झाली, पण ती मी गिळली.

खाऊन होतंय तोवर ईमोने आणखी एक छोटं धिरडं ताटलीत टाकलं आणि म्हणाली, "सॉबिसू." सर्व्हिस! मी मुकाट्याने पाकीट काढलं. म्हटलं, इथेही सर्व्हिस चार्ज आलाच. भाची हसून हसून लाल. कोरियात सर्व्हिस म्हणजे दुकानदाराने आपल्या खुशीने फुकट दिलेलं. भाजीवाल्या मावशीने वरून टाकलेली कोथिंबीर. टिप वगैरे द्यायची तिथे पद्धतच नाही.

कॅफेंचं कौतुक माझ्यापेक्षा तरुण माणसांनी करावं. मला दोनच गोष्टी लक्षात राहिल्या. एक, भर थंडीत तरुण मुलं बर्फ घातलेली अमेरिकानो पितात. तिला लाडाने 'आ-आ' म्हणतात आणि गारठून मेलो तरी गार कॉफीच पिणार म्हणणाऱ्यांसाठी एक खास शब्दही आहे. दुसरी म्हणजे जागा धरणं. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो, इथे लोक टेबलावर लॅपटॉप ठेवून खुशाल निघून जातात. समोरच्या टेबलावर असा एक बेवारशी लॅपटॉप होता. त्याच्या मालकाला काळजी नव्हती, म्हणून त्याच्या वाटची मी केली. तो परत येईपर्यंत माझी कॉफी गार झाली. आ-आच म्हणायची.

इन्सादोंगच्या गल्लीतल्या चहाघरात मात्र मी रमले. बूट बाहेर, खाली बैठक, जमीन गरम. 'चा' हा शब्द ओळखीचा, पण पेल्यात चहाची पत्ती नावालाही नाही. मी मागवला देचुचा. यादीत इंग्रजीत खजुरासारखं काहीतरी लिहिलं होतं. पहिल्या घोटाला कळलं, हे तर बोर! खजूर नव्हेच, आपल्या बोराचाच चुलतभाऊ, वाळवून तासन्‌तास उकळलेला. दाट, गोड, तपकिरी. भाचीने ओमिजा घेतला. लालबुंद फळांचा हा चहा. नावाचा अर्थच पाच चवींचं फळ. आंबट, गोड, खारट, कडू, तिखट. आपल्या सहा रसांतला तुरट तेवढा त्यांनी सोडून दिलेला. शेजारच्या आजोबांपुढे सांगह्वाचा आला, काळाभोर, जडीबुटीचा. वासावरून थेट आजीचा काढा. फरक एवढाच की लहानपणी नाक दाबून पाजला जायचा, इथे लोक पैसे मोजून सावकाश पितात.

शेवटच्या संध्याकाळी रस्त्यावरच्या गाडीवर ओमुक खाल्लं. वाटलेल्या माशाची पातळ पट्टी, घड्या घालून लांब काडीला टोचलेली, मुळ्याच्या कढत रश्श्यात उभी. काड्या आपणच उचलायच्या. रस्सा कागदी पेल्यात हवा तितका, फुकट. दोन पेले झाल्यावर मी धीर केला आणि हाक मारली, "ईमो!"

गाडीवाली माझ्याहून वीसेक वर्षांनी तरी लहान असेल. तिने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि गोड हसून म्हणाली, "ने, ओमोनी!"

"काय म्हणाली?"

"हो, आई."

मग तिने आमच्या पुढ्यातल्या रिकाम्या काड्या मोजल्या. तिथे हिशेब तसाच होतो. सात निघाल्या. भाची शपथेवर सांगत होती की तिने दोनच खाल्ल्या.