आठवा बटू

भाच्याची मुंज अमळनेरला होती, तीही वैशाखात. आमच्या खानदेशात वैशाखात सकाळी नऊलाच पंख्याचा वारा चटके देतो. मांडव झाला, पळसाचा दंड आला, मुंज गवताची मेखला आली. केळीची पानं इकडे आणावी लागतच नाहीत, रावेरकडचं कुणीतरी गाडीत टाकून आणतंच. अडलं ते मातृभोजनाच्या पंगतीवर.

आईच्या ताटातलं बटूचं हे शेवटचं जेवण. सोबत आठ बटू लागतात, त्याला अष्टवर्ग म्हणतात. मुंज झालेली हवी आणि लग्न झालेलं नको, एवढीच अट. पूर्वी गल्लीत एक हाक मारली तर अकरा पोरं धावत यायची. आता निम्मी पुण्याला, आणि उरलेल्यांची मुंजच झालेली नाही. सात जमले.

"आता आठवा कुठून आणू भो?" भाऊजी घाम पुसत म्हणाले. तेवढ्यात आजीची नजर खांबाला टेकून फोन बघणाऱ्या माझ्या मावसभावावर गेली. वय 29, दाढी, दोन वर्षांपासून स्थळं बघणं चालू. "हा काय उभा आहे ना! मुंज झालीय, लग्न कुठे झालंय?" सगळा मांडव हसला. बिचाऱ्याच्या गळ्यात जानवंही नव्हतं, ते गुरुजींच्या पिशवीतून निघालं. पाटावर मांडी घातली तर त्याचा गुडघा शेजारच्या पोराच्या पानात.

गुरुजींनी त्याला धीर दिला. "अरे, गायत्रीच्या चरणात अक्षरं आठ. पण 'तत्सवितुर्वरेण्यम्' बोटांवर मोज, सातच भरतात. आठवं 'वरेणियम्' असं ओढून आणावं लागतं."

ताईने तूप-वरणभाताचा घास भरवला. एरवी 'मी मोठा झालोय' म्हणून तिचा हात झटकणारा भाचा मुकाट्याने तोंड उघडून बसला होता. गालाला चिकटलेलं शीत तिने बोटाने टिपलं आणि सवयीने स्वतःच्याच तोंडात टाकलं. मागे न्हावीकाका वस्तरा काढून बसले होते. ताई घास लहान लहान करत होती.

दक्षिणा सगळ्यांना सारखीच, दहा रुपये. आठव्याने नोट फोनच्या कव्हरात सरकवली. संध्याकाळी भिक्षावळीला तो दिसला तशी सातही पोरं ओरडली, "वरेणियम् आला!"