डावीकडून तिसरी

बुधवार, 30 ऑक्टोबर 2024, मेलबर्न

विद्यापीठात मला सायकॉलॉजी शिकवणाऱ्या बाईंचं उत्तर आलं. (इथे सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारायचे, मला शेवटपर्यंत जमलं नाही.) तीनच ओळी. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या प्रवेशासाठी रेफरन्स देते, पुन्हा शिकावंसं वाटतंय हे वाचून छान वाटलं, आणि खाली: तुझा तेव्हाचा एखादा फोटो पाठवशील का? म्हणजे आठवायला सोपं जाईल.

यात लागण्यासारखं काय आहे? तेरा वर्षं झाली. दरवर्षी ऑनर्सची, म्हणजे चौथ्या वर्षाची, नवी पोरं. तरी संध्याकाळपासून तेच डोक्यात. चकलीत मोहन दोनदा घातलं, पहिला घाणा तेलात विरघळला.

रेफरन्सच्या फॉर्ममध्ये बाईंनी लिहायचंय की बरोबरच्या विद्यार्थ्यांत मी वरच्या किती टक्क्यांत बसते. अभ्यास, संशोधन, माणसांशी वागणं. माणसांशी वागणं! रोज पाच-सहा माणसं समोर बसून रडतात, ती कोणी रेफरी नाहीत. केतकी आहे म्हणा दुसरी रेफरी, पण एक तरी विद्यापीठातलाच हवा.

चार वर्षं शिक्षण आणि दोन वर्षं सुपरव्हिजनखाली काम, हा आमचा सायकॉलॉजिस्ट होण्याचा रस्ता. 2022 मध्ये तो नव्यांसाठी बंद केला. आमची नोंदणी शाबूत आहे, दरवर्षी सीपीडीचे (चालू प्रशिक्षणाचे) 30 तास भरले की झालं. फक्त नावापुढे ‘क्लिनिकल’ लागत नाही. मेडिकेअरचे (इथल्या सरकारी आरोग्य विम्याचे) 2006 पासून दोन दर आहेत. तेच डिप्रेशन, तीच पन्नास मिनिटं. माझ्याकडे बसलं तर 96.65 डॉलर परत मिळतात, क्लिनिकलवालीकडे 141.85. सप्टेंबरमध्ये माझ्याकडे येणारी ती नर्स सोडून गेली ती ह्याच हिशोबाने. जाताना माझीच माफी मागत होती. ते नको आत्ता.

म्हणून हा घाट. बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा वर्ग, पुन्हा प्लेसमेंट, ते संपलं की रजिस्ट्रार (‘क्लिनिकल’ लागण्याआधीची पायरी) म्हणून पुन्हा कोणाच्या तरी सुपरव्हिजनखाली. आईला सांगितलेलं नाही. तिचा पहिला प्रश्न मला माहीत आहे.

पण बाईंना मी आठवू नये? माझा प्रबंध त्यांनी दोनदा वाचला होता. समासात ‘हे छान’ लिहिलं होतं, पेन्सिलीने. ते पान अजून आहे माझ्याकडे. मला त्यांच्या कपाचा टवका उडालेला कान आठवतो आणि त्यांना मी अख्खी आठवत नाही.

इथवर लिहिलं आणि रविवार आठवला.

टार्नीटच्या दुकानात भाजणीचं पीठ घेत होते, तर समोरून एकाने हात केला. क्लायंट बाहेर भेटले तर आपण आधी ओळख दाखवायची नाही, त्यांनी दाखवली तर हसायचं, हा आमचा नियम. हसले. तो जवळ येऊन म्हणाला, ‘दाराबद्दल तुम्ही जे सांगितलं होतं ना, ते मी अजून करतो.’ मी अगदी जाणत्या चेहऱ्याने मान डोलावली. तो खूश होऊन गेला.

नाव आठवलं नाही. वर्ष आठवलं नाही. गाडीत बसल्यावर, सिग्नलला, घरी पिशव्या रिकाम्या करतानाही नाही. आणि दाराबद्दल मी काय सांगितलं होतं? कुठलं दार? बरं काहीतरी सांगितलं असावं, माणूस चांगला दिसत होता.

निदान बाईंनी विचारलं तरी. मी नुसती मान डोलावली होती.

जुन्या लॅपटॉपमध्ये तासभर शोधलं. 2011 चा एकच सापडला, निकालाच्या दिवशीचा, सगळ्यांचा मिळून. मी मागच्या रांगेत, कोणाच्या तरी खांद्याआडून अर्धी, आणि डोळे मिटलेले. दुसरा नाहीच.

पाठवला. खाली लिहिलं, ‘मागच्या रांगेत, डावीकडून तिसरी.’