छातीतलं पाणी आणि जुनी नोकरी

टीबीची औषधं चालू आहेत, तरी छातीत एकाच बाजूला पाणी पुन्हा भरतंय? मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, आठवा. नुसतं पाणी तपासून निदान बऱ्याचदा हुकतं. दुर्बिणीतून फुप्फुसाच्या आवरणाचे तुकडे घ्या, तेही चरबीपर्यंत खोल; गाठ चरबीत शिरलीय का, हेच पॅथॉलॉजिस्टला बघायचं असतं. तुकड्यातल्या पेशींत कॅलरेटिनिन हे प्रथिन पॉझिटिव्ह, क्लॉडिन-४ निगेटिव्ह हवं. बॅप-१ हे प्रथिन नाहीसं झालं असेल तर निदानाला बळकटी. शाबूत असलं म्हणून आजार बाद होत नाही.

‘सध्या काय करता?’ हे विचारून उपयोग नाही. हा आजार बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीमुळे होतो. अ‍ॅस्बेस्टॉसचा हिशेब २० ते ५० वर्षांनी चुकता होतो. बॉयलरचं लॅगिंग (उष्णता अडवणारं वेष्टन), सिमेंटचे पत्रे, मुंबईच्या दारूखान्यातली जहाजतोडणी? नवऱ्याचे कामाचे कपडे कोण झटकायचं? १९६० मध्ये पॅथॉलॉजिस्ट वॅग्नर यांनी नोंदवलेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांत नुसते अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणीजवळ राहिलेलेही होते. सिगारेटवर खापर फोडू नका. या आजारात ती कारण नाही.