रामबागेतली भिंत आणि काकांचा गणपती

इंदूरात कोरी भिंत सापडणं अवघड झालंय आता. पुलाच्या खांबांपासून शाळांच्या कंपाउंडपर्यंत सगळीकडे रंगच रंग. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर यायला लागला तशा भिंतीही कामाला लागल्या, ओला कचरा हिरव्या डब्यात सुका निळ्या डब्यात, झाडू घेतलेली हसरी ताई, झाडं, चिमण्या, मधेच अहिल्याबाई. वाईट काही नाहीये हो, पानाच्या पिचकाऱ्यांपेक्षा शंभर पटीने बरं, आणि त्यानिमित्ताने फाईन आर्टच्या कितीतरी पोरांना चार पैसे मिळाले हेही खरंय. पण पुण्याहून आलेला पाहुणा "वा, किती स्ट्रीट आर्ट आहे तुमच्याकडे" म्हणतो ना, तेव्हा मला कसंतरीच होतं. मी त्याला जाहिरात म्हणते. चांगल्या गोष्टीची असली तरी जाहिरातच.

माझा मावसभाऊ अशी कामं करतो म्हणून आतली गंमत माहितीये. एकदा त्याने सकाळची झाडझूड आटोपून फुटपाथवर पोहे खात बसलेली बाई काढायचं ठरवलं होतं, दमलेली, चपला बाजूला काढून ठेवलेल्या, अगदी आपण रोज बघतो तशी. स्केच बघून ठेकेदार म्हणाला, "भिया, ये बैठी क्यूं है? खड़ी करो, झाडू पकड़ाओ, और थोड़ी हंसती हुई." झालं. भिंतीवर उभी राहिली ती, हसत. पोहे गेले. पेमेंट दोन महिन्यांनी आलं ते वेगळंच.

मग आम्ही म्हटलं की आपलंच काढू कुठेतरी, रात्री गुपचूप नाही, उजेडात. तर इकडे मध्य प्रदेशात १९९४ चा संपत्ती विरूपण निवारण कायदा आहे, म्हणजे भिंती विद्रूप करण्याविरुद्धचा, निवडणूक आली की पेपरात त्याचं नाव दिसतं, सार्वजनिक जागेवरून दिसणाऱ्या भिंतीवर मालकाच्या लेखी परवानगीशिवाय काही लिहिलं रंगवलं तर हजार रुपयांपर्यंत दंड. सगळे हा कायदा अडचण म्हणून सांगतात. मला मात्र त्यात फट दिसते, कारण तो मालकाची परवानगी मागतो, चित्र कसलं हे विचारत नाही. म्हणजे सरकारी भिंत सोडा आणि आपल्या काकांची भिंत धरा! रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर, अजून जुनी घरं आहेत मराठी लोकांची, कंपाउंडची भिंत रस्त्याला लागून, आणि काकांना रोज कोणीतरी तिथे "उभं" राहून जातं त्याचा वैताग.

तर गेलो एका काकांकडे. चहा झाला, चिवडा झाला, माझ्या लग्नाचं काय झालं तेही विचारून झालं. मग काका म्हणाले, "काढा की बाबांनो, पण गणपती काढा. देव असला की कोणी घाण करत नाही." आता बोला. देवांच्या टाइल्सचं कामच वर्षानुवर्षं हे चाललंय आपल्याकडे, भिंतीची राखण. मावसभाऊ म्हणाला काका, माणसाचं चित्र असलं तरी लोक मान ठेवतील. काका नुसतेच हसले. लेखी परवानगीवर सही मात्र गणपतीच्या अटीवरच मिळणार होती आणि काकूंना तर त्याच्या शेजारी सरस्वतीही हवी होती.

कोणी म्हणेल मालवा, म्हणजे हा आमचा इंदूरकडचा भाग, मागासलेला, इथे भिंतीवरची कला कुठून येणार. अरे, इथल्या मुली पितृपक्षात सोळा दिवस भिंतीवर संजा काढतात! शेणाने आकार, वर तेरड्याच्या पाकळ्या, चमकीचे कागद, आज चांद-सूरज, उद्या आणखी काही, शेवटी मोठा किलाकोट म्हणजे किल्ला, संध्याकाळी आरती आणि ती चिडवाचिडवीची गाणी, आणि अमावस्या झाली की सगळं खरवडून पाण्यात. आई लहानपणी शेजारच्या मालवी मुलींबरोबर काढायची, आजीला शेणाचे हात अजिबात आवडायचे नाहीत पण तिने कधी थांबवलं नाही. खाली कोणाची सही नसते. आणि पुसतात तेही त्याच मुली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आम्ही भिंतवाले टिकण्यासाठी रडतो असं लोकांना वाटतं. टिकू नये, चालेल. दुसऱ्याने विचारल्याशिवाय पांढरा हात मारला की जीव जळतो.

न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये फाईव्ह पॉइंट्झ नावाची जुनी कारखान्याची इमारत होती, तिथे तर मालकाच्या परवानगीने वर्षानुवर्षं भिंतींवर चित्रं रंगायची, आणि २०१३ मध्ये त्याच मालकाने एका रात्रीत चुना फासला. कलाकार कोर्टात गेले, २०१८ मध्ये २१ जणांना मिळून साडेसदुसष्ट लाख डॉलर द्यायचा निकाल लागला. आपल्याकडेही आहे बरं का असं. अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं मोठं ब्राँझचं म्युरल १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं होतं, त्यावर दिल्ली हायकोर्टाने २००५ मध्ये ते त्यांना परत करायला आणि ५ लाख भरपाई द्यायला सांगितलं, कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाखाली. म्हणजे काम विकलं तरी कलाकाराचा काही हक्क त्यावर उरतो. आमच्यातल्या अर्ध्या पोरांना हे कलम माहीतच नाही, कारण ते कामच तोंडी घेतात. कॅफेवाला म्हणतो भिंत देतो, फोटो टाका, नाव होईल. रंगाचा डबा नावाने येत नाही दादा.

आणि इंदूरच्या कलेचा अभिमान तर काय विचारता. देवळालीकर मास्तर, बेंद्रे, चिंचाळकर गुरुजी, हुसेन, इथल्या चित्रकारांची सगळी नावं आम्ही एका दमात घेतो. हुसेन जन्मले पंढरपूरला, वाढले इंदूरात, मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरलं, म्हणजे रस्त्यावरचाच माणूस. पुढे त्यांच्यावर चित्रांवरून ज्या गावांत तक्रारी झाल्या त्यात पंढरपूरही होतं आणि इंदूरही. दिल्ली हायकोर्टाने मे २००८ मध्ये त्या रद्द केल्या, पण देश सोडून गेलेले ते परत आले नाहीत, २०११ मध्ये लंडनला वारले. आता भाषणात "आमचे हुसेन" म्हणताना हा विषय कोणी काढत नाही. मला वाटतं काढावा. चित्र आवडलं नाही तर नाही म्हणा, वाद घाला, पण नावाचा अभिमान पाहिजे आणि चित्रं नकोत हे कसं जमायचं?

काकांचं म्हणाल तर अजून बोलणी चालू आहेत. मावसभावाने मधला मार्ग काढला, गणपती नाही पण पोहे खाणाऱ्या बाईच्या बाजूला उंदीर, जिलबीचा तुकडा पळवणारा. काका म्हणाले काकूंना विचारून सांगतो. दरम्यान कोणाच्या घराची रस्त्याकडची भिंत रिकामी असेल तर कळवा, रंग आम्ही आणू, पुसायची वेळ आली तर आधी फोन करा एवढंच कागदावर लिहून घेऊ. मांजर, आजी, सायकल, काहीही काढू. सरस्वतीचं मात्र आधीच सांगा, तिला वेळ लागतो, वीणा नीट जमत नाही त्याला.